‘केमिकल की मिनरल’ सोडा. फिल्टरचे नाव आणि टक्केवारी छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

होळी झाली की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात: सनस्क्रीनच्या जाहिराती, आणि ‘सनस्क्रीनमधल्या केमिकलने कॅन्सर होतो’ असे मोबाइलवर फिरणारे संदेश. आता औषधाच्या दुकानातही ‘केमिकल देऊ की मिनरल?’ असे विचारले जाते. या दोन शब्दांच्या भांडणात ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचायचे राहून जाते, आणि जे छापलेलेच नाही ते मागायचेही राहते. म्हणून हे पत्र.

आधी शब्दांचा घोळ. सनस्क्रीनमधला ऊन अडवणारा घटक म्हणजे फिल्टर. ‘मिनरल’ म्हणून विकला जाणारा झिंक ऑक्साइड हा फिल्टरही रसायनच आहे. ‘रासायनिक फिल्टर ऊन शोषतात आणि खनिज फिल्टर आरशासारखे परतवतात’ हे वाक्य सगळीकडे छापले जाते, पण ते बरोबर नाही. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचेही मुख्य काम अतिनील किरण शोषण्याचेच. परतवलेला भाग जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतो. फरक आहे तो रूपाचा. खनिज फिल्टर हे न विरघळणारे कण असतात, तर ज्यांना केमिकल म्हणतात ते सेंद्रिय (म्हणजे कार्बनच्या संयुगांचे) फिल्टर बहुतेक तेलात विरघळतात. म्हणून ते चेहऱ्यावर पांढरे दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्यांतले काही त्वचेतून आत जाऊ शकतात. ‘शंभर टक्के मिनरल’ लिहिलेल्या काही ट्यूबच्या घटकयादीत ब्युटाइलऑक्टिल सॅलिसिलेट सापडते. ते फिल्टरच्या अधिकृत यादीत नाही, पण ऑक्टिसॅलेट या सेंद्रिय फिल्टरचे सख्खे भावंड आहे आणि अतिनील किरण शोषते. मिनरल हा शब्द पाहून जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला हे कळायला हवे.

आता खुद्द फिल्टरकडे. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन भाग: यूव्हीबी म्हणजे साधारण २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचे, आणि यूव्हीए म्हणजे ३२० ते ४०० चे. एसपीएफ (ऊन-संरक्षणांक) हा आकडा त्वचा लाल होण्यावरून काढतात, म्हणजे तो मुख्यतः यूव्हीबीचा हिशेब आहे. खिडकीची साधी काच यूव्हीबी बरेचसे अडवते, यूव्हीए मात्र आत येते. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला भाजण्यापेक्षा काळवंडण्याचा आणि डाग पडण्याचा त्रास जास्त, आणि त्यात यूव्हीएचा वाटा मोठा. तरी ट्यूबवर ठळक छापतात तो एसपीएफ, आणि यूव्हीएसाठी फार तर ‘पीए’पुढे अधिकची चिन्हे. ही जपानी पद्धत १९९६ ची. एक चिन्ह म्हणजे यूव्हीए संरक्षणांक २ ते ४, दोन म्हणजे ४ ते ८, तीन म्हणजे ८ ते १६, आणि चार म्हणजे १६ किंवा अधिक. नुसते ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहून पुढे एकही चिन्ह वा आकडा नसेल तर त्या शब्दावरून किती संरक्षण मिळते ते कळत नाही.

यूव्हीएसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा सेंद्रिय फिल्टर म्हणजे ॲव्होबेन्झोन. ट्यूबवरच्या घटकयादीत तो ब्युटाइल मेथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन अशा लांबलचक नावाने येतो. त्याच्या रेणूची दोन रूपे आहेत, ईनॉल आणि कीटो. ट्यूबमध्ये तो बहुतांशी ईनॉल रूपात असतो आणि ३५७ नॅनोमीटरच्या आसपास जोरदार शोषण करतो. ऊन लागले की काही रेणू कीटो रूपात जातात. हे रूप २६५ नॅनोमीटरच्या आसपास शोषते, आणि तिथे शोषण्यासारखे काही नसते, कारण तेवढ्या आखूड लांबीचे किरण ओझोनच्या थरातच अडतात. कीटोतून काही रेणू परत येतात, काही तुटतात. म्हणजे ज्या उन्हासाठी हा फिल्टर घातला त्याच उन्हात तो झिजत जातो.

तो एकटा असला की हे होते. सोबत ऑक्टिनॉक्सेट हा फिल्टर, म्हणजे यादीतले इथाइलहेक्झिल मेथॉक्सिसिनामेट, असेल तर आणखी वाईट: उजेडात दोघांची आपसांत प्रक्रिया होते आणि दोघेही खर्ची पडतात. ही जोडी अजूनही स्वस्त क्रीममध्ये दिसते. उलट सोबत ऑक्टोक्रिलीन किंवा बेमोट्रिझिनॉल हा फिल्टर असेल तर ते ॲव्होबेन्झोनने शोषलेली ऊर्जा स्वतःकडे घेऊन उष्णतेच्या रूपाने सोडून देतात आणि त्याला टिकवतात. बेमोट्रिझिनॉलचे यादीतले नाव बिस-इथाइलहेक्झिलऑक्सिफिनॉल मेथॉक्सिफिनाइल ट्रायझिन. तो ३१० आणि ३४३ नॅनोमीटरजवळ, म्हणजे यूव्हीबी आणि यूव्हीए दोन्हींत काम करतो, उन्हात टिकतो, आणि रेणू मोठा असल्याने त्वचेतून फारसा आत जात नाही. डायइथाइलअमिनो हायड्रॉक्सिबेन्झॉइल हेक्झिल बेन्झोएट हा ॲव्होबेन्झोनसारखाच ३५४ च्या आसपास शोषणारा, पण टिकाऊ. ही दोन नावे यादीत दिसली तर ते मिश्रण विचार करून केलेले आहे असे समजायला हरकत नाही. ॲव्होबेन्झोनच्या शेजारी आधार देणारे कोणीच नसेल तर ट्यूब परत ठेवा.

ॲव्होबेन्झोनचा आणखी एक गुण घरात रोज दिसतो, पण त्याचे कारण फार जणांना माहीत नसते. लोहाशी तो चटकन जोडला जातो आणि नारिंगी-तांबूस संयुग तयार होते. बोअरवेलच्या लोहयुक्त पाण्यात पांढरे शर्ट किंवा शाळेचे गणवेश धुतले की कॉलरवर गंजासारखे डाग पडतात ते हेच. त्यावर ब्लीच टाकू नये, डाग आणखी पक्का होतो. आधी भांड्यांचा लिक्विड साबण कोरड्या डागावर चोळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा म्हणजे तेलकटपणा सुटतो. तो धुऊन, कोमट पाण्याच्या एका पेल्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून त्यात डाग अर्धा तास भिजवावा, आणि शेवटी फिल्टरच्या किंवा नळाच्या पाण्यात खळबळून काढावा. धातूंशी जुळण्याच्या याच सवयीमुळे आवरण न चढवलेले झिंक ऑक्साइड आणि ॲव्होबेन्झोन एकत्र नांदत नाहीत. बाजारातून झिंक ऑक्साइडची पूड आणून घरच्या सनस्क्रीनमध्ये कालवण्याचे जे प्रयोग दाखवतात, त्यांतून एसपीएफ वाढत नाही. गुठळ्या होतात आणि आधीचा फिल्टरही बिघडतो.

होमोसॅलेट आणि ऑक्टिसॅलेट यांबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हे दोन्ही फिल्टर म्हणून कमकुवत आहेत. तरी ते जागोजागी असतात, कारण ते पातळ तेल आहेत आणि ॲव्होबेन्झोन, बेमोट्रिझिनॉल, इथाइलहेक्झिल ट्रायझोन ही मात्र घन पूड असते. तिला विरघळवून ठेवायला काहीतरी लागते. विरघळवणारे तेल कमी पडले, किंवा ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली, की स्फटिक बाहेर पडू शकतात. क्रीम बोटांत रवाळ लागते ते त्यामुळे. स्फटिक झालेला फिल्टर थरात सारखा पसरत नाही, त्यामुळे संरक्षण घटते. उलट मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या ट्यूबमधून आधी पाणी आणि मग घट्ट गोळा बाहेर येतो, म्हणजे पाणी-तेलाचे मिश्रण फुटलेले असते. दोन्ही प्रकारांत ट्यूब टाकून द्यावी. ती हलवून पुन्हा नीट होत नाही.

ऑक्टोक्रिलीनबाबत जुनी ट्यूब न वापरण्याला वेगळे कारण आहे. कालांतराने त्याचे थोडे विघटन होऊन बेन्झोफिनोन तयार होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत साठवणीबरोबर त्याचे प्रमाण वाढताना दिसले. बेन्झोफिनोन हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीत ‘२ बी’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात आहे. घबराट नको, पण मागच्या उन्हाळ्यातली उरलेली ट्यूब यंदा पिळून संपवण्याची काटकसरही नको. उघडलेल्या डबीचे चित्र आणि त्यावर ‘१२ एम’ असे असते त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने. शिवाय सांधेदुखीवर केटोप्रोफेनचे जेल लावून ज्यांना उन्हात पुरळ उठले आहे, त्यांना ऑक्टोक्रिलीननेही पुरळ येऊ शकते. अशांनी ते नाव यादीत आवर्जून शोधावे. सनस्क्रीनने पुरळ येते म्हणणाऱ्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे फोटोपॅच चाचणी (कोणत्या पदार्थाने उन्हात पुरळ येते ते शोधणारी) करून घ्यावी. गावाकडे याच पुरळाचे कारण गाजर गवतही असू शकते, आणि दोष उगाच क्रीमवर जातो.

आता सर्वांत जास्त भीती ज्या फिल्टरची, ते ऑक्सिबेन्झोन, यादीतले बेन्झोफिनोन-३. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी २०१९ आणि २०२० मध्ये केलेल्या चाचण्यांत ते, आणि ॲव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन, होमोसॅलेट हेही, रक्तात दर मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅमच्या वर सापडले. ऑक्सिबेन्झोन तर शंभराहून अधिक. पण याच्या बातम्यांत दोन गोष्टी गळाल्या. पहिली: ०.५ ही धोक्याची पातळी नाही. त्याहून जास्त आढळले तर आणखी सुरक्षा-चाचण्या करा, असे सांगणारी ती रेषा आहे. दुसरी: २०१९ च्या चाचणीत शरीराच्या ७५ टक्के भागावर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, चार दिवस लावले होते. ऑफिसला जाताना चेहऱ्याला लावणाऱ्याची तुलना याच्याशी होत नाही. तरीही पूर्ण दुर्लक्ष करण्यासारखे हे नाही, आणि युरोपाने ते केलेही नाही. तिथे २०२२ च्या नियमाने ऑक्सिबेन्झोन चेहरा, हात आणि ओठांच्या उत्पादनांत ६ टक्के, पण अंगभर लावायच्या उत्पादनांत फक्त २.२ टक्के ठेवले. होमोसॅलेट ७.३४ टक्क्यांपर्यंत आणि फक्त चेहऱ्याच्या उत्पादनांत. हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करण्याची शक्यता दिसल्याने ४-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर या फिल्टरवर २०२४ च्या नियमाने बंदीच आली. म्हणजे ‘सगळी केमिकल वाईट’ असेही नाही आणि ‘सगळी निर्धोक’ असेही नाही. नाव, प्रमाण आणि लावायची जागा, या तिन्हींवर ते ठरते.

लाभाची बाजूही आकड्यांत आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधल्या नॅम्बूर गावी १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ लोकांवर चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात स्क्वॅमस पेशींचा त्वचाकर्करोग सुमारे ४० टक्के कमी आढळला. वापरलेले क्रीम एसपीएफ १६ चे, ऑक्टिनॉक्सेट ८ टक्के आणि ॲव्होबेन्झोन २ टक्के, म्हणजे आज आपण जिला कच्ची म्हणतो तीच जोडी. मात्र ती गोऱ्या कातडीची वस्ती होती. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग तुलनेने कमी, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा इथे लावणे बरोबर नाही. ज्यांना वांग आहे, ल्युपस आहे, उन्हाने पुरळ उठते, कोड आहे किंवा उन्हाला संवेदनशील करणारी औषधे चालू आहेत, त्यांना सनस्क्रीनची खरी गरज आहे. कांद्याच्या शेतात डोक्यावर पदर आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालून राबणाऱ्या बाईला तिच्या कापडाने दिलेले संरक्षण घामाने वाहून जात नाही.

वांगाच्या बाबतीत एक अडचण आहे. सावळ्या त्वचेवर दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो, आणि पारदर्शक सेंद्रिय फिल्टर दिसणारा प्रकाश अडवत नाहीत. अडवला असता तर ते पारदर्शक राहिले नसते. त्यासाठी लोह ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाचे टिंटेड सनस्क्रीन लागते. एसपीएफ ५० महिनोन्‌महिने लावूनही वांग हटत नाही अशी तक्रार असते, तिथे ही एक गोष्ट तपासून पाहावी.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे मात्रा, आणि इथे बहुतेकांचे चुकते. एसपीएफची प्रमाण चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून करतात. चेहरा, कान आणि मान मिळून क्षेत्र साधारण ६०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका वेळेला १.२ ग्रॅम, पाव चहाचा चमचा. अंगभर लावायचे तर ३० ते ३५ ग्रॅम. आता घरातली ट्यूब घ्या. ५० ग्रॅमची ट्यूब चेहऱ्याला ४० वेळा पुरायला हवी. रोज एकदा लावून ती सहा महिने पुरत असेल तर एका वेळेला जेमतेम ०.२८ ग्रॅम लागते आहे, म्हणजे चौथाईपेक्षाही कमी. थर चौथाईवर आला की एसपीएफ ५० चा १२ च्या आसपास, कधी त्याहून खाली येतो. ‘३० आणि ५० मध्ये फरक एका टक्क्याचा’ असेही सांगतात: ३० अडवते ९७ टक्के, ५० अडवते ९८. पण त्वचेला भोगावे लागते ते आत येणारे ऊन, आणि ते ३.३ विरुद्ध २ टक्के आहे. थर पातळ लागणार हे गृहीत धरले तर ५० घेणेच शहाणपणाचे.

लावताना एवढे पाहावे: मात्रा दोन भागांत, एकावर एक लावावी, घाईत चोळून जिरवू नये, कारण फिल्टरला त्वचेच्या वर सलग पापुद्रा धरायचा असतो. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे तो वाळू द्यावा. क्रीममध्ये फाउंडेशन किंवा मॉइश्चरायझर मिसळू नये, थर विरळ होतो आणि फाटतो. एसपीएफ १५ चे फाउंडेशन आणि ३० चे सनस्क्रीन मिळून ४५ होत नाही. दोन तासांनी, घाम पुसल्यावर, आणि स्कार्फ घासून निघाल्यावर पुन्हा लावावे. डासांचे मलम लावायचे असेल तर ते सनस्क्रीन वाळल्यावर, वरून. डीट (डास पळवणारे रसायन) असलेले मलम सनस्क्रीनचा एसपीएफ घटवते आणि ऑक्सिबेन्झोन डीटला त्वचेतून आत जायला मदत करते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला सनस्क्रीन नकोच, सावली आणि टोपडे पुरे.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ पाहायला पाण्यात उतरणाऱ्यांसाठीही दोन शब्द. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अमेरिकेच्या हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची खुली विक्री थांबवली, प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाने त्याच्या वर्षभर आधी दहा घटकांवर बंदी घातली. २०२२ मध्ये प्रवाळांच्या नात्यातल्या समुद्रफुलांवरच्या प्रयोगात दिसले की त्यांच्या शरीरात ऑक्सिबेन्झोनला साखर जोडली जाते आणि तयार झालेला पदार्थ उन्हात विषारी ठरतो. प्रवाळ पांढरे पडण्याचे मुख्य कारण तापणारा समुद्रच आहे, हे खरे. पण पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घातला की क्रीम फक्त चेहरा आणि हातापायांच्या पंजांपुरते लागते आणि पाण्यात जाणारे रसायन कितीतरी घटते. एवढे तर बोटीवाल्यांनाही सांगता येईल.

आता शासनाकडे मागणी. भारतात सनस्क्रीन हे सौंदर्यप्रसाधन मानले जाते आणि त्याला २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. कोणते फिल्टर किती टक्क्यांपर्यंत चालतील हे आयएस ४७०७ या मानकाच्या दुसऱ्या भागात दिलेले आहे. पण लेबलवर घटक फक्त उतरत्या क्रमाने छापायचे असतात, टक्केवारी नाही. त्यामुळे ट्यूबमध्ये ॲव्होबेन्झोन ४ टक्के आहे की १.५, हे विकत घेणाऱ्याला कळायला मार्गच नाही. अमेरिकेत सनस्क्रीन औषधात मोडते, आणि प्रत्येक फिल्टरची टक्केवारी चौकटीत छापावी लागते. तेच इथे सक्तीचे करावे, आणि एसपीएफशेजारी यूव्हीए संरक्षणांकही आकड्यात द्यावा. युरोपात तो एसपीएफच्या किमान एक तृतीयांश असावा अशी शिफारस आहे, तीच आपण घ्यावी.

टक्केवारी छापण्याचा फायदा तपासणीत आहे. एसपीएफ तपासायला किमान दहा स्वयंसेवकांच्या पाठीवर चाचणी करावी लागते, ती खर्चिक असते. फिल्टरचे प्रमाण मात्र एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर कुठलीही बरी प्रयोगशाळा मोजून देते. छापले आहे तेवढे आत आहे की नाही, हे अन्न व औषध प्रशासनाला बाजारातून नमुने उचलून पाहता येईल आणि निकाल जाहीर करता येतील. ऑस्ट्रेलियात कायदा कडक असूनही ‘चॉईस’ या ग्राहक संस्थेने जून २०२५ मध्ये तपासलेल्या २० पैकी १६ सनस्क्रीनचा एसपीएफ दाव्याइतका भरला नाही. आपल्याकडे त्याच वर्षी एसपीएफच्या दाव्यांवरून दोन कंपन्यांचा वाद उच्च न्यायालयात गेला. प्रतिस्पर्धी कंपनीने जाहिरात केली म्हणून ग्राहकाला शंका कळावी, ही व्यवस्था पुरेशी नाही.

शेवटची मागणी छोट्या पॅकची. फिल्टर फक्त सनस्क्रीनमध्ये नसतात. अत्तराचा रंग टिकावा म्हणून ऑक्टिनॉक्सेट आणि ॲव्होबेन्झोन, शाम्पूत बेन्झोफिनोन-४, नेलपॉलिशमध्ये बेन्झोफिनोन-१ घालतात. लिपस्टिक आणि लिप बाममध्येही फिल्टर असतात. पण ३० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या घन वा मलमासारख्या आणि ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव प्रसाधनांवर घटकयादी छापण्याची सक्ती नाही. लिप बामची कांडी ४-५ ग्रॅमची असते. ओठांना लावलेले थोडे तरी पोटात जातेच, आणि नेमकी तिथेच यादी न छापण्याची मुभा आहे. ती काढून टाकावी. कांडीवर जागा नसेल तर खोक्यावर किंवा आत घडी घालून ठेवलेल्या कागदावर यादी द्यावी. औषधाच्या दहा गोळ्यांच्या पाकिटात असा कागद मावतो, तो इथेही मावेल.

आपले नम्र,
प्रसाधन-रसायनशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे